मॅग्नोलिया शाळेतल्या गर्दीबद्दल ओडेटवहिनींस

आदरणीय ओडेटवहिनी,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. इकडे तुमची जाऊ व्हर्ना, पुतणी नोएमी आणि मी, तिघंही धडधाकट आहोत. फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. तुमचा गुडघा कसा आहे? युलिसदादाला भूक लागते ना? (लागत असणारच. ईस्टरला त्यानं क्रॉफिश झिंग्यांचं अख्खं पातेलं एकट्यानं रिकामं केलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, उपाशी.) त्यानंतर तुमचा एकही फोन नाही. व्हर्ना म्हणते, त्या सभेतल्या माझ्या भाषणामुळे तुम्ही रागावलात. मला तसं वाटत नाही. तुम्ही शिकलेल्या बाई आहात.

तरी पण सभेचं आधी सांगून टाकतो. तुम्ही पहिल्याच रांगेत होतात, तेव्हा माइक फार जवळ असल्यामुळे तुम्हाला ते जरा मोठ्यानं ऐकू आलं असेल. आमच्या बायूच्या संथ पाण्याकाठच्या प्राथमिक शाळेतली पोरं पाचवी झाली की मॅग्नोलिया मिडल स्कूलला जातात. मी गेलो, दादा गेला (दादा तर सातवीत दोनदा गेला). आणि एके दिवशी शाळा मंडळ उठतं, मॅग्नोलियात जागा उरली नाही म्हणतं, नकाशावर रेघ ओढतं आणि आमची पोरं थेट तुमच्या सायप्रस शाळेच्या वाट्याला! आम्हाला कुणी विचारलं? मग मी उठलो. सायप्रसचं छप्पर गळतं, तिथली पोरं गळ टाकण्यापलीकडे काही शिकत नाहीत, आणि मुख्याध्यापिका रोज सकाळी दारात उभ्या राहून लेकरांना धाक घालतात, एवढंच मी म्हणालो. ते मी पदाबद्दल बोललो वहिनी, तुमच्याबद्दल नाही. टाळ्या इतक्या पडल्या की मंडळानं तिथल्या तिथं रेघ पुसली. ते पाहून बाकीच्या प्राथमिक शाळांच्या आईबापांनीही ओरडा केला आणि आपापल्या रेघा पुसून घेतल्या. सगळे मॅग्नोलियात! मी गल्लीभर जेवण घातलं.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली, आणि वहिनी, काय सांगू तुम्हाला! ही शाळा आहे की मासळीबाजार? खेळाच्या मैदानावर पत्र्याच्या खोल्या आणून ठेवल्यात. व्यायामाचा तास बोळात. जेवायची खोली पुरत नाही म्हणून नोएमीच्या वर्गाला सकाळी नाश्ता पचायच्या आत जेवायला बसवतात, आणि पोर घरी येते ती दारातूनच भात मागत येते. वाद्यांचा वर्ग बस थांबतात तिथं छपराखाली भरतो. ट्रॉम्बोन वाजला की ड्रायव्हर घाबरून ब्रेक मारतो.

एवढंही मी गिळलं असतं. पण गेल्या मंगळवारी मी एका बोटीच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभा असताना शाळेतून फोन आला की तुमची मुलगी आज गैरहजर आहे. सकाळी मीच तिला दारात सोडलेलं! तसाच ग्रीसच्या हातांनी निघालो. शाळेत शिरतो तोच घंटा झाली, पोरांचा लोंढा आला आणि मला उचलून थेट गाण्याच्या वर्गात नेऊन टाकलं. तिथल्या बाईंनी मला मदतीला आलेला पालक समजून हातात कागद दिला आणि म्हणाल्या, "जाड आवाजवाले मागे!" (दोन कडवी गायलो. दार अडलेलं होतं, करणार काय?)

नोएमी वर्गातच होती. बाक नव्हता म्हणून कपाटाआड रंगाची बादली उपडी घालून बसली होती, मांडीवर वही. मी म्हणालो, "अगं, हजेरीला ओ का दिली नाहीस?"

"दिली की, बाबा. हातपण वर केला. पण पुढे सगळ्यांचेच हात होते."

मी तडक मुख्याध्यापक गिड्री यांच्याकडे गेलो आणि टेबलावर हात आपटला. (ग्रीसचा ठसा अजून असेल.) म्हणालो, "एवढी पोरं इथं कोंबली कुणी?"

तो माणूस शांतपणे म्हणतो, "सभेत माइक कुणाच्या हातात होता, फॉन्टेनोसाहेब?"

हे उत्तर झालं? शाळेचा मुख्याध्यापक असं बोलतो? येताना गाडीत मी हेच तावातावानं सांगत होतो. मध्येच नोएमी म्हणाली, "बाबा, ओडेटकाकू रोज दारात उभ्या राहून एकेका मुलाला नावानं हाक मारतात ना?"

मी हॉर्न वाजवला. पुढे कुणीच नव्हतं.

असो. राग मनात ठेवू नये म्हणून लिहिलं. दादाला सांगा, त्याच्या बोटीचं इंजिन मी फुकट दुरुस्त करून देतो.

तुमचा आज्ञाधारक दीर,
अल्सीड

ता. क. : सहज विचारतो, तुमच्या सहावीत एखादी जागा आहे का? हल्ली मुलींना धाक हवाच, असं माझं मत झालं आहे.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात व्हर्नानं सांगितलं की नोएमीनं रविवारीच तुम्हाला फोन केला, आणि सोमवारपासून तिनं तुमच्याकडे यायचं हे ठरलंसुद्धा. मला कुणी विचारलं? तरी वरचा ता. क. खोडत नाही, मी विनंती केल्यावरच हे झालं असं लोकांना सांगायला बरं.

ता. क. ३ : ही बातमी गल्लीत फुटली आहे. समोरचे, शेजारचे, कोपऱ्यावरचे, सगळे आता आपली पोरं सायप्रसला घालायची म्हणतायत. वहिनी, एकालाही घेऊ नका. फार गर्दी होईल. गरज पडली तर सभेत बोलायला मी येतो.