गोल कागदावरचं नाव

ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क
९ मार्च १९७२

तीर्थस्वरूप सेलेदोनियोदादास,

पाचव्या मजल्यावरून वाकून नमस्कार (लिफ्ट बंद आहे, त्यामुळे याहून खाली येणं सध्या जमत नाही). आशीर्वाद असावा. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? पोस्टमनला टोचणारा तो कोंबडा अजून आहे की त्याचा रस्सा झाला? मी ठीक. तुझ्या भावजयीच्या, ओब्दुलियाच्या डोळ्यांत मात्र मोतीबिंदू झालाय. बारीक अक्षर भिंगाशिवाय दिसत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, पुढे भिंगानंही दिसेलच असं नाही. म्हणून घाईनं लिहायला बसलो.

रेकॉर्ड कंपनीत माझं काम काय, हे तू दर नाताळात विचारतोस आणि दर नाताळात विसरतोस. रेकॉर्डच्या मध्यावरच्या गोल कागदाचा मजकूर मी टाईप करायचो: वर गाण्याचं नाव, खाली कंसात रचणाऱ्याचं. आता रचणारा कोण, हे बँडवाल्यांना क्वचितच माहीत. एकाला गाणं आजीकडून मिळालेलं, दुसऱ्याला बोटीवर. तिसरा बेधडक ‘माझंच’ म्हणायचा आणि पुढचं कडवं विचारलं की खोकायचा. अशा वेळी धंद्याची रीत एकच. कंसात डी. आर. ही आपल्या स्पॅनिशमधली दोन अक्षरं टाकायची. अर्थ, हक्क राखीव. कुणाचे, ते कुणी विचारत नाही. (ही दोन अक्षरं म्हणजे कुणी माणूस असता, तर आपल्या बेटावरचा सर्वांत थोर गीतकार तोच ठरला असता.)

एकोणपन्नास साली माझं स्वतःचं गाणं निघालं, तेच, ओब्दुलियावरचं. त्या दिवशी छापखान्याचा माणूस दारात उभा होता, ट्रॉम्बोनवाला माझ्या कागदांवर बसून केळं खात होता, आणि बारा गाण्यांचा मजकूर द्यायचा होता. अकरा झाली. बारावं माझं. सवयीनं बोटं आपणहून चालली. चूक कळली ती पाचशे रेकॉर्डी छापून आल्यावर. मालक डॉन प्लासिदो म्हणाले, “असू दे रे, चाल तर तुझीच वाजतेय ना?”

घरी रेकॉर्ड लावली. ओब्दुलियानं डोळे मिटून ऐकली, मग उचलून वाचली.

“छान आहे. कुणाचं?”

“माझं. तुझ्यावर.”

“मग नाव कुठंय?”

“मीच टाईप केलं. राहून गेलं.”

“माझा वाढदिवस विसरतोस ते समजू शकते, एव्हारिस्तो. स्वतःचं नाव विसरणारा माणूस अजून जन्मायचाय.”

त्याला तेवीस वर्षं झाली. अजूनही रेडिओवर ते गाणं लागलं की ती भाजी ढवळता ढवळता म्हणते, “बिचारा हे लिहिणारा जिवंत असेल का रे?”

आता जुनी गाणी लाँगप्ले रेकॉर्डवर पुन्हा निघतायत. कारभार डॉन प्लासिदोंची मुलगी नेरेइदा बघते. ती म्हणाली, “काका, हे गाणं आपलं म्हणणारे सात जण येऊन गेले. त्यांतले दोघं गाण्याहून लहान आहेत. रचलं तेव्हा जो हजर होता त्याची सही आणा, महिनाअखेरपर्यंत.” यंदा तरी ओब्दुलियानं माझं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, एवढीच इच्छा.

तुझा धाकटा भाऊ,
एव्हारिस्तो

ता. क. अडतीस साली मायाग्वेसला, तुमच्या ओसरीवर, मी गात होतो आणि तू बिस्किटाच्या डब्यावर ताल धरला होतास. सोबतच्या फॉर्मवर सही करून उलट टपालानं पाठव.

पुन्हा ता. क. नाचताना लोक डोळे मिटतात ती मधली वळणदार ओळ तुझी होती. हे मी ओब्दुलियाला कधी बोललो नाही. फॉर्मवर दोघांची नावं घातली आहेत, तुझं आधी. तीनदा तपासलंय.

(वेगळ्या अक्षरात) भाऊजी, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून भिंग लावून वाचलं. पहिल्या भेटीत मी कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं होतं आणि हा दोन कप निमूट प्यायला. ते गाण्यात आहे. दुसऱ्या कुणाला कसं ठाऊक असणार? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. याला सांगू नका, गाणं आपलंच आहे हे मला पटवून देताना हा फार गोड बोलतो. सही मात्र नक्की करा. फॉर्मवर तुमचं नाव बरोबर आहे. स्वतःच्या जागी यानं पुन्हा तीच दोन अक्षरं टाईप केली होती. ती खोडून मी पेनानं याचं नाव लिहिलंय. – ओब्दुलिया