उपवासाच्या ताटातली मिरची

वाडी, नागपूर
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

ती. बाईजींस प्रेमिलाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझं बोलणं तुमच्या कानी पडत नाही आणि तुमच्या सुनेला, काजलला मध्ये घालून हे रडगाणं सांगवत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या भावाला लकव्यानंतर दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात थोडा हलतो, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, त्यांना कळतं सगळं, शब्द सापडत नाहीत. बोलायला शिकवणाऱ्या बाई केळं, घड्याळ, कुत्रा अशी चित्रं दाखवतात. परवा यांनी सगळी चित्रं पलंगाखाली ढकलली आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून धड जेवण नाही. असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलंय.

बाईजी, हा माणूस कधी गप्प बसला होता का? ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवणाऱ्यांनाही थांबवून सांगायचे की साबण, चावी, पगार, तुमचं ते घमेलंसुद्धा, हे शब्द पोर्तुगीजांचे. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावण सोमवारी मी हौसेनं खिचडी वाढली, तर म्हणाले, साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळ्यांचं मूळ अमेरिका खंडात, इकडे आणलं पोर्तुगीजांनी. आपल्या देवाला हे उपवासाला कसं चालतं? मी मोरीत जाऊन रडले होते. आता यांनी मला पुन्हा तसं रडवलं तरी चालेल. मी हरले, बाईजी. काय करू ते सांगा.

डोक्यावरचा हात काढू नका.

आपली,
प्रेमिला


नरखेड
७ ऑगस्ट

चि. सौ. प्रेमिलाले बाईजीचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं अन् हातातला चहा तसाच राहिला. तिकडे यायले जीव तडफडते, पण गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत. पोरगा धर्मेंद्र संत्र्याच्या बागेत साचलेलं पाणी काढून राहिला, तोही निघू शकत नाही.

चित्रं दाखवून गणपत बोलन काय वं? लहानपणी त्याले काही विचारलं तं तोंड उघडे नाही. पण दुसरा चुकला की त्याचं पोट दुखे. मामाच्या घरी भर पंगतीत भटजीले दुरुस्त केलं होतं त्यानं, अन् मार खाल्ला होता. म्हणून सोबत वेगळा कागद धाडून राहिली. त्यात लिहिलं आहे की मिरची आपल्याच नरखेडात जन्मली, सीतामाई तिचा ठेचा करे, अन् पांडवांनी वनवासात बटाटे भाजले. सारं खोटं आहे, मले माहीत आहे. तू मोठ्यानं वाच, अन् बाईजीचं बरोबर आहे असं म्हण. राग आला तं येऊ दे.

राखी उशिरा पोचन. तुझ्या हातानं बांध. अन् तू उपाशी राहू नको, त्याच्यासाठी तूच एक आहे. आमची याद ठेव.

तुझी,
पुष्पलताबाई


वाडी, नागपूर
मंगळवार, १९ ऑगस्ट

ती. बाईजींस शि. सा. न. वि. वि.

राखी बांधली. तुमचा कागद रोज वाचला. यांनी रोज डोळे मिटून घेतले. शेवटी डॉक्टरांनी नळीसाठी आजचा दिवस ठरवला.

काल श्रावण सोमवार म्हणून शेजारच्या मायाताई उपवासाची खिचडी घेऊन आल्या. त्यांना नळीचं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. म्हटलं, मिरची सीतामाईच्या काळची, माझ्या नणंदेनं लिहून पाठवलंय. या माणसानं पोर्तुगीजांचं नाव सांगून मला जन्मभर फसवलं. मी बोलत होते आणि रडत होते. मायाताई घाबरून गेल्या. मागे पलंग करकरला. हे डाव्या हातावर रेटून उठून बसले होते. तोंड लाल झालेलं, ओठ वाकडे, लाळ गळत होती, आणि आतून कुठून तरी शब्द आला, नाही.

मी बटाट्याचं म्हटलं. नाही. पांडवांचं म्हटलं. पलंगावर मूठ आपटून, नाही! मग ताटलीतली मिरची उचलून विचारलं, तर मग कुठली, तुम्हीच सांगा. शब्द येईना. हुंदका आला. खिडकीबाहेर अमरावती रोडच्या ट्रकांच्याही पलीकडे बोट दाखवत राहिले, दूर, अजून दूर. मी खिचडी कुस्करून घास पुढे केला. तो त्यांनी घेतला. आणखी घेतले.

नळी डॉक्टरांनी सध्या लांबवली आहे. पण फार आनंद करू नका. तेवढा एकच शब्द आहे. औषध? नाही. आंघोळ? नाही. पाण्यालाही नाही म्हणतात आणि ग्लासाला हात घालतात. बाकीचे शब्द येतील की नाही, कोणी सांगत नाही. आज दुपारी चादर दुसऱ्यांदा बदलताना माझा धीर सुटला. म्हटलं, मला नाही हो जमत हे, मी जाऊ का कुठं तरी निघून?

त्यांनी माझा पदर मुठीत धरला आणि म्हणाले, नाही.

आणखी खोटं लिहून धाडा, बाईजी. तुमची माया मात्र खरी असू द्या.

आपली,
प्रेमिला