उजव्या चाकाचं सांगायचं राहिलं

अण्णा, तुम्हाला लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. वही घेऊन बसलेच नाही असं नाही. गोकर्णला एकदा बसले, उडुपीला एका खानावळीत पोळ्या लाटायला होते तेव्हा दोनदा बसले. पण पहिल्या ओळीनंतर काहीतरी व्हायचंच. कुणीतरी हाक मारायचं, दूध उतू जायचं, नाहीतर समोरून एखादी बस जायची आणि तिच्या पाटीवर मी न पाहिलेल्या गावाचं नाव असायचं. तुम्ही म्हणायचात, हिच्या पायाला भिंगरी आहे आणि भिंगरीला ब्रेक नाही. खरंच होतं ते. पण या एका गोष्टीपुरतं कारण भिंगरी नव्हतं. मला लिहायचंच नव्हतं, कारण लिहायला बसलं की उजव्या चाकाचं लिहावं लागलं असतं.

आत्ता मी त्याच चाकापाशी बसलेय. बोम्मसंद्र्याला, मेस्त्रींच्या गॅरेजच्या शेडमागे, लाकडाच्या ठोकळ्यावर. तुम्ही गेल्यावर तुमचा ट्रक इथे आणून उभा केला तो इथेच राहिला. आईने विकू दिला नाही आणि त्याच्याकडे कधी बघायलाही आली नाही. मेस्त्री बिचारे सहा वर्षं जागेचं भाडं न मागता तो सांभाळत बसले. केबिनमध्ये मांजरं व्याली, टपावर पिंपळ उगवला. आता ही जागाच जातेय, इथे फ्लॅट होणार आहेत, आणि सोमवारी ट्रक भंगारात जाणार. मेस्त्रींनी फोन केला, "मगळे, एकदा येऊन बघून जा. नंतर म्हणशील सांगितलं नाही." मगळे म्हणजे मुली, हे तुम्हाला काय सांगायचं! पण हल्ली मला अशी हाक मारणारे तेवढे एकच उरलेत. मी रात्रभर बसमध्ये जागी होते. सोमवारनंतर ते चाक कुणालाच उघडता येणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, बरंच झालं की, चार दिवस थांबले की सुटले.

मी चौदा वर्षांची असतानाचा तो रविवार तुम्हाला आठवतो का, ठाऊक नाही. कारखाने बंद, सर्व्हिस रोड मोकळा, आणि तुम्ही मला शेजारी बसवून ट्रक काढला होता. दादाला आधी विचारलं होतं, तो म्हणाला अभ्यास आहे. मला अभ्यास कधीच नसायचा. तुम्ही वेग धरला, स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले आणि ब्रेक दाबला. गाडी डावीकडे गेली. "कुठे गेली?" "डावीकडे." "मग खोट कुठल्या चाकात?" मी म्हटलं, डाव्या. तुम्ही इतके हसलात की खोकला आला. "अगं, डावं बिचारं इमानाने थांबतंय. उजवं थांबत नाही, म्हणून गाडी त्याच्याभोवती फिरते. लोक ओढणाऱ्या चाकाला शिव्या देतात आणि तेच उघडून बसतात." मग खाली उतरलो. आधी हवा बघायची, असं तुम्ही म्हणालात, टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी ओढते, उगाच चाक खोलायचं नाही. हवा दोन्हीकडे सारखी होती. मग तुम्ही माझा हात धरून, उलटा करून, डाव्या चाकाच्या ब्रेकच्या ड्रमजवळ नेलात. टेकवला नाही, नुसता जवळ. भट्टीसारखी धग. उजवीकडे नेलात तर काही नाही, देवळातल्या फरशीसारखं गार. "हे आळशी," तुम्ही म्हणालात, "हे आपल्या घरच्या एका माणसासारखं." मी रागावले होते. मग आपण मसाला डोसा खाल्ला आणि तुम्ही मला तुमच्यातला अर्धा दिलात. पण डोशाचं सांगत नव्हते मी.

एक दिवस मी चाक बांधताना एका नटाच्या आट्या खराब केल्या आणि तो तसाच ठोकून बसवला. तुम्हाला दिसलं. ओरडला नाहीत. चाक परत उतरवायला लावलंत, आणि मी घामाघूम होऊन बसले तेव्हा म्हणालात, "चूक झाली तर चालतं. मीही करतो. पण चाक बांधायच्या आधी सांगायचं. बांधल्यावर नाही. बांधलेल्या चाकावर माणूस विश्वास टाकतो." एवढंच. कॉलेजातली पीयूसी अर्धवट सोडून घरी आले तेव्हाही तुम्ही इतकं गंभीर बोलला नव्हतात.

तरी मी तेच केलं. सहा वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारी आपण पुढच्या चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरत होतो, डावं तुम्ही, उजवं मी. माझं लक्ष घड्याळात होतं. संध्याकाळच्या गाडीने हंपीला जायचं होतं, मैत्रिणी स्टेशनवर थांबणार होत्या. ग्रीसचा गोळा बोटांवरून सुटला आणि सरळ ब्रेकच्या लायनरवर, ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, पडला. पडला तो पडला, पुसायला गेले तर आणखी पसरला. ग्रीस लागलं की लायनर मेला, पुसून तो जिवंत होत नाही, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं. सांगितलं असतं तर नवा आणावा लागला असता, रिवेट मारावे लागले असते, आणि एका बाजूचा बदलला की दुसऱ्या बाजूचाही बदलायचा हा तुमचा नियम. म्हणजे माझी गाडी गेली. मी पेट्रोलचं फडकं फिरवलं. वरून स्वच्छ दिसलं. ड्रम चढवला, चाक बांधलं. तुम्ही पलीकडून विचारलंत, "झालं का गं?" मी म्हटलं, "झालं." तुम्ही एक फेरी मारून आलात. लायनर थंड होता, गाडी सरळ थांबली. "सरी, ठीक आहे," तुम्ही म्हणालात, आणि हात पुसून खिशातून दोनशे रुपये काढून दिलेत, वाटेत काहीतरी खा म्हणून.

गुरुवारी सकाळी तुमचा फोन आला. "गाडी तापली की डावीकडे जाते. उजवं बांधताना काही झालं होतं का?" मी नदीकाठी उभी होते. म्हटलं, "नाही अण्णा." तुम्ही म्हणालात, "बरं. बघतो मी." शनिवारी सकाळी ओतीव माल घेऊन के. आर. पुरमला जाताना ट्रक डावीकडे वळला आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर चढला. दुसऱ्या कुणाला खरचटलंही नाही. डॉक्टरांनी हृदय थांबलं असं लिहिलं. गाडीचं तोंड चेपलेलं, चालवून बघणं शक्य नव्हतं, आणि हृदयाचं म्हटल्यावर चाकं उघडायचं कुणाला कारण उरलं नाही. मेस्त्री तेव्हा गावी जत्रेला गेले होते, त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. मी पोचले तेव्हा दवाखान्याच्या जिन्यातच दादा आईला म्हणाला, "हृदय थांबलं असेल. पण गाडी डावीकडेच का गेली? उजवं चाक कुणी बांधलं होतं, विचार हिला." मी काही बोलायच्या आधी आई उभी राहिली. तिने मला पाठीशी घातलं आणि त्याला म्हणाली, "माझी पोरगी भटकी असेल, खोटारडी नाही. ती म्हणते ना नीट बांधलं, मग नीटच बांधलं." मी तोपर्यंत तसं म्हटलंही नव्हतं, अण्णा. तिने म्हटल्यावर म्हटलं.

त्यावरून ते दोघं तुटले. दादा वेगळा झाला, आई मल्लेश्वरमला मामाकडे राहायला गेली. दिवाळीला तो फोन करतो आणि ती दोन वाक्यं बोलून ठेवून देते. मी कधी इथे, कधी तिथे. लोकांना वाटतं मला फिरायची हौस आहे.

आज सकाळी मेस्त्रींनी जॅक लावून दिला. नट गंजलेले, मी पान्यावर उभी राहिले तेव्हा पहिला सुटला. ड्रम तर लायनरला धरूनच बसला होता. डिझेल सोडलं, हातोडीने गोल फिरत ठोकत राहिले. मेस्त्री म्हणत होते, "स्वल्प इरु, स्वल्प इरु, जरा थांब, त्याला सुटू दे, अशी घाई करायला लागलीस की तुझ्या बापालाही राग यायचा." मग म्हणाले, "राहू दे हवं तर. भंगारात कोण काय बघणार?" मी ऐकलं नाही. ड्रम सुटला तेव्हा डोळे मिटले होते मी, खोटं कशाला बोलू.

आत नवा लायनर होता. जाड, कडा अजून धारदार, एका रेषेत मारलेले तांब्याचे रिवेट, तुमच्यासारखे. ग्रीसचा डाग कुठेच नाही. मेस्त्रींनी चष्मा चढवून नख लावून बघितलं. "हे नवंच आहे गं. दोन दिवससुद्धा चाललं नाही." मग आम्ही डावं उघडलं. तेही नवं. दोन्ही बाजू, नियमाप्रमाणे. मेस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघ! ब्रेकचं काही नव्हतं. दादाला फोटो पाठव." त्यांना वाटलं मी आनंदाने रडतेय.

पण आनंद नव्हता तो, कारण शुक्रवारी संध्याकाळी तुमचा अजून एक फोन आला होता, अण्णा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "आज दिवसभर गाडीखालीच होतो, पाठ मोडली." मला वाटलं, आता विचारणार. तुम्ही विचारलंत, नदीत त्या गोल टोपलीसारख्या होड्या असतात म्हणे, बसलीस का? फिरतात का त्या गोल? मी म्हटलं, हो, फिरतात. तुम्ही म्हणालात, "भीती नाही ना वाटली?" आणि मग काहीच बोलला नाहीत, नुसते फोनवर राहिलात. मला ती शांतता सापळ्यासारखी वाटली. मी म्हटलं, आवाज येत नाहीये अण्णा, नंतर बोलते. आवाज स्वच्छ येत होता. तुमच्या मागे पाणी वाजत होतं, तुम्ही हात धूत असाल.

सहा वर्षं मी या भीतीने चाक उघडलं नाही की माझ्या हाताने तुम्ही गेलात. ते नाही हे आज कळलं, आणि त्यापेक्षा वाईट कळलं. तुम्ही ड्रम उघडलात, तो डाग बघितलात, माझं "नाही अण्णा" आठवलंत, मुकाट्याने दोन्ही बाजूचे लायनर बदललेत, आणि मग फोन करून मला होड्यांचं विचारलंत. तुम्हाला माझ्यावर ओरडायचं नव्हतं. तुम्ही जागा करून दिली होतीत, मी बोलावं म्हणून. आणि मी फोन ठेवला.

आता माझ्याकडे मोबाइलमध्ये चार फोटो आहेत. ते दादाला पाठवले की तो गप्प होईल, आईचं म्हणणं खरं ठरेल, दिवाळीला सगळे एकत्र जेवू. फक्त दोन्ही लायनर का बदलले होते एवढं कुणी विचारायचं नाही. दादा विचारणार नाही. त्याला ब्रेकमधलं काही कळत नाही. सकाळपासून तीनदा पाठवायला गेले आणि तीनदा परत वही उघडली.

फाटकापाशी ऑटो थांबलाय. मला वाटलं चहावाला असेल. आई आहे. मल्लेश्वरमहून एवढ्या लांब, एकटी, मेट्रो बदलत आली असणार. मेस्त्रींनी फोन केला की काय, देव जाणे. ती ट्रककडे बघत फाटकातच उभी आहे, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. किती बारीक झालीय हो. अण्णा, हे कागद मी कुठेही टाकणार नाही, ट्रकमध्येही ठेवणार नाही, ते इथेच फाडते. तुम्हाला यातलं काय नवीन होतं? तुम्हाला तर शुक्रवारीच सगळं कळलं होतं. तिला सांगायला लागू नये म्हणून मी तुम्हाला लिहीत बसले होते, एवढंच.

ती हाक मारतेय. "अगं, हात दे की, इथे सगळं तेल सांडलंय."