वल्गुलीच्या मागचा माणूस

कारा-जांगाक
१९ मे, रविवार

प्रिय एर्मेक,

तू आणि अस्येल बरे असाल. इथे आम्ही ठीक. जर्दाळू गारपिटीतून वाचले, आईचा गुडघाही कालपासून वाकतोय. तुझ्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून सायितकाकांच्या हाती पत्र देतेय.

गुरुवारी पहाटे मला निळी वल्गुली कॅमेऱ्यात मिळाली! तीन वर्षं तिच्या मागावर होते. जुन्या अक्रोडाच्या ढोलीत पिल्लं आहेत तिची. दीड तास ओल्या गवतात पालथी पडून होते, बोटं बधिर झाली. मग चोचीत अळी घेऊन आली, ढोलीच्या तोंडाशी थबकली. चिमणीहून लहान जीव!

उतरताना पुलावर तू भेटलास. "एजे, या वयात पाखरांमागे धावतेस, पाय मोडून घेशील हं," म्हणून हसलास.

"तू इतक्या सकाळी वर काय करत होतास?"

"वनरक्षकाला असं विचारतात का? फेरी मारत होतो."

वल्गुलीच्या फोटोंतला एक मी वनखात्याच्या प्रदर्शनाला पाठवला. काल मेदेर साहेबांचा फोन आला. "बाई, पक्षी सुंदरच. पण मागे करवत घेतलेला माणूस कोण?"

"पाठ दिसतेय. नाही ओळखू येत," मी म्हणाले.

उद्या दहाला ते बाकीचे फोटो बघायला येणार आहेत. तेव्हापासून कडी वाजली की आधी खिडकीतून बघते. सकाळी आईच्या चहात दोनदा मीठ घातलं.

पुढच्या चार फोटोंत तुझा चेहरा स्पष्ट आहे, एर्मेक. शेजारचा जिवंत अक्रोड अर्धा कापलेला.

फोटो पाठवल्यावर मला तू दिसलास, असंच लिहिणार होते. ते खोटं. आधीच दिसला होतास. तरी पाठवला. चेहरा नसलेला निवडला, एवढंच. पुलावर माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललास, आणि तुला करवतीबद्दल तोंडावर विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अस्येलला सातवा महिना आहे, हे का मी विसरलेय? कॅमेऱ्यातलं कार्ड पुसायला दोनदा हातात घेतलं. नाही पुसलं. पुसणारही नाही.

उद्या नऊपर्यंत खाली ये. साहेबांना तूच सांग, मी शेजारी बसेन. नाही आलास, तर मी एकटी सांगेन.

रागावलास तरी तुझीच मोठी बहीण,
बुरुल एजे