एक जूनचा केक

२९ मे

सरस्वती केबिनमध्ये आली. "मॅडम, एक तारखेला सुट्टी पायजे व्हती." दरवर्षीचं नाटक! वाढदिवसाला लाजते बाई. आधार कार्डावर स्वच्छ १ जून लिहिलंय, आमच्या सुपरवायझर विश्रामचाही तोच. म्हणून एकाच केकवर दोघांची नावं. मला किती गंमत वाटते त्याची! म्हटलं, "अगं, त्या दिवशी तर तू हवीसच." ती बाटल्यांना लेबलं लावायला गेली.

कोलशेतच्या आमच्या रांगेत बारा गाळे. कामगारांचे वाढदिवस करणारी मालकीण मी एकटीच. हे सगळ्यांना सांगत फिरते मी.

१ जून

केक झाला. सरस्वतीने टोपी घातली, मेणबत्ती तिसऱ्या फुंकरीला विझली. मी स्वतः भरवलं तिला, चांगला मोठा तुकडा. फोटोत हसली नाही. नंतर बघते तर मोरीवर चुळा भरतेय — एकसारख्या! राग आला. एवढं हौसेने करायचं आणि ही अशी! "हिला कशाची किंमतच नाही," असं विश्रामला म्हणालेसुद्धा. तो नुसता बाटल्यांची खोकी रचत राहिला.

२ जून

सरस्वती आली नाही. विश्रामला विचारलं.

"मॅडम, तो वाढदिवस नाहीच. आमच्या वेळी शाळेत नाव घालताना मास्तर सगळ्यांचीच जन्मतारीख एक जून टाकायचे."

मला हसू आलं. तो हसला नाही.

"तिची पोरगी त्या दिवशी गेली. निशा. आठवीत होती, तापाने गेली. ताईचा उपास असतो. फोटोपुढे दिवा लावून बसायचं असतं तिला."

आणि इथे मी तिला मेणबत्ती विझवायला लावत होते. सहा वर्षं! उपासाच्या तोंडात केक कोंबला मी.

"तू कधी बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या खूश असायच्या, मॅडम."

३ जून

सरस्वतीला फोन केला, उचलला नाही.

खोटं. केलाच नाही.

५ जून

आज गेले तिच्या घरी, कोळीवाड्यात. गाळ्यापासून चालत सात मिनिटं. सहा वर्षांत पहिल्यांदा! तिने पदराने खुर्ची पुसली, चहा टाकला. भिंतीवर दोन वेण्यांची मुलगी. दात थोडे पुढे, अगदी सरस्वतीसारखे.

माफी मागायची, हे रस्ताभर घोकत होते. तोंडातून काय निघालं? "अगं, आधी सांगायचंस ना! मला कसं कळणार?"

ती खाली बघत म्हणाली, "चुकला माजा, मॅडम."

तिने माफी मागितली! आणि मी — मी म्हणाले, "असू दे." वर चहाही प्यायले. घरी आल्यापासून आरशात बघवत नाही. माफी मागायला गेले आणि तिलाच झापून आले.

निघताना विचारलं, कामावर येशील ना? "बघते," म्हणाली. आली तर सगळ्यांदेखत माफी मागायची. नाही आली तर? मग पुन्हा तिच्या दारात जायचं. ठरलं.

८ जून

सरस्वती आली! माफी मागण्याआधी तिची एक जूनची सुट्टी कायमची लिहून टाकावी, म्हणून रजेची फाइल काढली. तळाशी तिचा पहिल्या वर्षीचा अर्ज निघाला. वहीचं पान, मोठं मोठं अक्षर —

"माझी मुलगी निशा हिला जाऊन त्या दिवशी एक वर्ष होते. मला घरी राहायचे आहे. तरी एक जूनची सुट्टी द्यावी, ही विनंती."

खाली माझी सही. आणि शेजारी लाल पेनने, माझ्याच हातचं — "सुट्टी नाही. बर्थडे आहे तिचा! विश्राम, तिला काही बोलू नकोस, सरप्राइज!!"