खोट्याचा डबा

१४ मार्च, बुधवार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ख्यालीखुशाली विचारलीस, बरं वाटलं. चार वर्षांनी का होईना. माझं ठीक चाललंय. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, न्हाणीघरातला नळ गळतो आणि मांजरीने अप्पांच्या खुर्चीत कायमचा मुक्काम ठोकलाय. मी तिला उठवत नाही.

तुझा शब्दकोशही मिळाला. चांगला जाडजूड झालाय. मागच्या बाजूला हनुवटीला हात लावून बसलेला तुझा फोटो पाहिला, अगदी विद्वान दिसतोस. प्रस्तावनेत माझेही आभार मानलेस: 'कागदपत्रे नीटनेटकी ठेवल्याबद्दल भगिनीचे.' अकरा वर्षं अप्पा सांगायचे आणि मी कार्डांवर लिहायचे, त्याला तू नीटनेटकेपणा म्हणतोस. असो.

वाचताना मजा आली. जुन्या इंग्रजीत 'सिली' म्हणजे धन्य, सुखी माणूस. मग तो भोळा झाला आणि शेवटी मूर्ख. 'वरी' म्हणजे गळा आवळणं. 'सॅड' म्हणजे पोट भरलेला. यावर अप्पा म्हणायचे, "बघ, पोट भरल्याचंही दुःख होतं लोकांना!" आणि स्वतःच हसत सुटायचे. हे वाक्यसुद्धा तू उचललंस, पान दोनशे बारा. अप्पांचं नाव मात्र तिथे नाही.

परवा तुझी बायको फोनवर रडली. नीट जेवत नाहीस म्हणाली. तिला म्हटलं, काळजी करू नकोस, लहानपणापासून त्याला जेवायला कधी आग्रह करावा लागला नाही.

बरं, तुझ्या कामाचं. 'स्मॉरविक' हा शब्द कुठल्या पोथीत सापडला, असं विद्यापीठाच्या समितीने विचारलंय, सोमवारी उत्तर दिलं नाहीस तर नोकरी जाईल, असं लिहितोस. 'ताई, ते कार्ड तुझ्याच अक्षरात आहे, तुला आठवत असेल. संदर्भ कळव आणि सोबतच्या कागदावर सही कर.'

आठवतंय ना. तो शब्द कुठल्याच पोथीत नाही.

अप्पांचा पहिला कोश एका महाशयांनी जसाच्या तसा छापला होता. तेव्हापासून अप्पा कार्डांच्या प्रत्येक पेटीत एक खोटा शब्द घालायचे. अर्थ, मूळ, सगळं खऱ्यासारखं रचलेलं. कोणी पेटी उचलली की तो शब्द त्याच्याबरोबर जायचा आणि त्याला पकडून द्यायचा. कुठले शब्द खोटे, याची कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायची. खोट्याचा डबा. तूही तो उघडायचास, पण बिस्किटं नाहीत म्हटल्यावर लगेच बंद करायचास.

स्मॉरविक: दुसऱ्याच्या वाटचं खाऊन तोंड पुसून बसणारा पाहुणा. तू सात वर्षांचा होतास, मी नऊ. माझ्या वाटचा केक तू खाल्लास आणि तोंड पुसून अभ्यासाला बसलास. मी रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून अप्पांनी मला मांडीवर घेऊन हा शब्द रचला. तू तो छापलास, रे. स्वतःला ओळखलं नाहीस.

ज्या दुपारी मी अप्पांना इस्पितळात नेलं, त्याच दुपारी तू नऊ पेट्या गाडीत घातल्यास. आम्ही परत आलो तर कपाटावर धूळ नसलेले नऊ चौकोन. अप्पा बघत राहिले. मग म्हणाले, "नेल्या का? वाचेल तरी."

गेल्या वर्षी तू प्रूफं पाठवलीस, 'ताई, तुझी नजर बारीक, एकदा बघ.' बघितली. एकोणीस चुका काढून दिल्या, त्यातल्या तीन स्मॉरविकच्याच पानावर. तू किती आभार मानलेस! स्मॉरविकला मी हात लावला नाही.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. जायच्या दोन दिवस आधी अप्पांनी मला जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता. म्हणाले, "धाकट्याला ते नऊ शब्द सांग. काढून टाक म्हणावं. पोरगं तोंडघशी पडेल." दोनदा म्हणाले. मी त्यांचा हात धरून हो म्हटलं, आणि त्यांना त्या दिवशी शांत झोप लागली. उशी मीच सारखी केली.

मला वाईट वाटत नाही. वाटेल म्हणून वर्षभर वाट पाहिली.

तुझा कागद सही न करता परत पाठवतेय. सोबत डब्यातल्या स्मॉरविकच्या कार्डाची झेरॉक्स आहे, माझं नवव्या वर्षीचं अक्षर बघ किती गोल होतं. डब्यातली मूळ कार्डं, नऊच्या नऊ, कालच्या टपालाने समितीकडे गेली. त्यांना एकच सापडला होता.

सोमवारी पोटभर जेवून जा.

अप्पांना हो म्हणालेली,
तुझी ताई