पाणघुम्याचं घरटं

४ मार्च

डोकं भणभणतंय. धाकटीच्या वनखात्याच्या परीक्षेचा निकाल लागला. एका गुणाने गेली नोकरी. एका! आणि तो गुण कुणी खाल्ला? पाणघुम्याने.

पाणघुम्या नावाचा पक्षी जगात नाही. तो आमच्या कचेरीत, मालकांच्या टेबलावर, चहा पिता पिता जन्माला आला. आमच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात दर आवृत्तीला एक खोटी नोंद घुसवायची पद्धत आहे. आम्ही तिला 'पाहुणा' म्हणतो. कुणी पुस्तक चोरून छापलं की पाहुणाही त्याच्या घरी जातो, आणि चोर सापडतो. हा पाहुणा मालकांनी स्वतः लिहिला – पाण्याखाली घरटं बांधणारा एकमेव पक्षी. मी तेव्हाच म्हटलं, हे कोण खरं मानेल? "बघून लिहिणारा विचार करत नाही," म्हणाले.

परीक्षेतला प्रश्न: पाण्याखाली घरटं बांधणारा पक्षी कोणता? बगळा, खंड्या, पाणघुम्या, यापैकी एकही नाही. धाकटीने शेवटचं निवडलं. तिला पाहुणा ठाऊक होता. मीच घरी हसत हसत सांगितलं होतं.

"त्यांना काय हवंय ते कळत नव्हतं का तुला?" मी विचारलं.

"कळत होतं. पण ताई, त्याच खात्यात जायचं आणि सुरुवातच खोट्याने करायची?"

जेवली नाही. मीही नाही.

५ मार्च

मालकांना म्हटलं, पत्र द्या, हा पक्षी आपण बनवलाय. हात झटकले. "एक नोंद खोटी म्हटली की लोक सगळंच पुस्तक खोटं म्हणतील. आणि पाहुणा फुटला तर चोर कसा धरणार?"

आजवर धरलाय एक तरी? समोरच्या गल्लीतल्या प्रकाशकाने पाणघुम्या जसाच्या तसा उचलला, वर त्याचं चित्रही काढलं. डोक्यावर तुरा! मालकांनी चित्र बघितलं, खूश झाले, पुस्तक कपाटात ठेवलं. संपली कारवाई.

दिवसभर प्रुफं तपासली. शनीची कडी, पहिलं महायुद्ध, देवमाशाचं हृदय – सगळ्यांवर राग काढला. लाल पेनाने कागद फाटला.

९ मार्च

दोघी परीक्षा मंडळात हरकत घेऊन गेलो. खिडकीपलीकडचे साहेब सभ्य निघाले. त्याचाच जास्त राग आला.

"पुरावा?"

जे नाहीच त्याचा पुरावा कुठून आणू? साहेबांनी तीन पुस्तकं मांडली. तिन्हींत पाणघुम्या. एक आमचं, दोन आमच्यावरून उचललेली. "तीन पुस्तकांत आहे, बाई. 'नाही' असं छापलेलं एखादं आहे तुमच्याकडे?"

म्हटलं, अहो, पाण्याखाली अंडी उबतील कशी? पिल्लं श्वास कुठून घेतील?

"ते शास्त्रज्ञ बघतील."

मग सांगूनच टाकलं, मी त्याच पुस्तकाच्या कचेरीत आहे, माझ्या डोळ्यांदेखत बनलाय तो. साहेब हसले. "बहिणीसाठी माणूस काहीही बोलतं. तुमच्या मालकांचं पत्र आणा."

येताना बसमध्ये मी अख्खा वेळ पुटपुटत होते. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

१७ मार्च

हरकत फेटाळली. एका ओळीत.

२ एप्रिल

शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि मलाच शिकवायला लागल्या. "एक पक्षी म्हणे पाण्याखाली घरटं करतो! निसर्गाची काय करामत असते बघ." मी कप असा आपटला की कान तुटला. काकू घाबरल्या. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? पण राग विचारून येत नाही.

मालकांनी आज नव्या आवृत्तीसाठी नवा पाहुणा मागितला. "या वेळी एखादा मासा काढ." मी म्हटलं, तुम्हीच काढा. आणि जेवणाची सुट्टी नसताना बाहेर जाऊन बसले.

२० मे

निवडलेल्यांपैकी कुणी तरी रुजूच झालं नाही. प्रतीक्षायादीतून धाकटीचा नंबर लागला! तिने माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. मी पण रडले, आणि रडता रडता साहेबांना मनसोक्त शिव्या घातल्या. खरं उत्तर लिहिणाऱ्या पोरीने मागच्या दाराने का जावं?

११ जून

धाकटीचा फोन. तळ्याकाठच्या चौकीवर पक्षिगणना चालू आहे. छापील तक्त्यात पाणघुम्याही आहे. मागच्या वर्षी नऊ.

मी ओरडलेच. कुणी पाहिले नऊ?

"पाण्याखाली असतात ना, दिसत नाहीत. अंदाजाने भरतात."

म्हटलं, तू शून्य लिही. ठसठशीत शून्य.

ती म्हणाली, "बारा लिहून दिले, ताई. आकडा घटला की चौकशी लागते."